खाली बसायला सांगितलं होतं

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. आरोपी एका केसमधला आणि पंचनामा दुसऱ्या केसमधला, असं माझं होतं. बर्फाच्या कारखान्याची केस मात्र तशी मिसळली नाही. आजही कोणी लग्नाचं आमंत्रण दिलं तर मी लग्नाला जाते, हळदीला जात नाही.

नावं कोणाचीच सांगणार नाही, गावाचंही नाही. अमरावती आणि अकोल्याच्या मधलं एक तालुक्याचं गाव एवढं पुरे. मी तिथे पोलीस निरीक्षक होते. आमच्याकडे त्याला ठाणेदार म्हणतात. बाई ठाणेदार आली म्हणून आधी लोक नुसते बघायला येत, नंतर तक्रारी घेऊन यायला लागले.

गावाच्या जुन्या वस्तीत बर्फाचा एक छोटा कारखाना होता. रसवंत्या, लग्नं, मासळीवाले, सगळ्यांना बर्फ तिथूनच जाई. बर्फ करायला अमोनिया लागतो. कारखान्याला लागूनच्या गल्लीत घरं होती, आणि कारखाना व घरं या दोन्हींच्या मागून नगरपालिकेच्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्राची भिंत जात होती. नवीन टाकी झाल्यापासून ते केंद्र बंद होतं. आत पाइप, भंगार आणि रानटी बाभळी.

घातक रसायनांचे नियम बहुतेकांना माहीत नसतात, म्हणून थोडक्यात सांगते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त विषारी वायू किंवा रसायन कोणाकडे असेल, तर त्याने ते सरकारला कळवायचं. किती आहे, कुठे आहे, गळती झाली तर काय करायचं, हे सगळं. दारावर पाटी लावायची. शेजाऱ्यांना सांगायचं. आणि नगरपालिकेने, अग्निशमन दलाने त्या माहितीवर आपली तयारी ठेवायची. नियमात खोट नाही. पण छोट्या धंदेवाल्याने पाटी लावली की गिऱ्हाईक बिचकतं, शेजारी अर्ज करतात, आणि ज्या ज्या खात्याला तपासणीचा अधिकार आहे ते प्रत्येक खातं तपासणीला येतं. शेजारी तेच रसायन गुपचूप ठेवणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणून लोक काय करतात, तर साठा भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर वाटून दोन-तीन ठिकाणी ठेवतात. प्रत्येक ठिकाणी मर्यादेच्या आत. मग कळवायचा प्रश्नच येत नाही.

या कारखान्याच्या मालकाला गाव बर्फवाले काका म्हणत असे. हट्टी माणूस, जरा जास्त बोलणारा. त्याने साठा कळवला होता, पाटी लावली होती, भोंगा बसवला होता. शिवाय दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गल्लीतल्या बायकांना जमवून तो कवायत घेत असे. वास आला की ओला फडका तोंडाला लावायचा आणि खाली बसायचं. अमोनिया हलका असतो, वर जातो, म्हणून खाली राहायचं, वाकून चालायचं. नगरपालिकेलाही तो दरवेळी बोलावी. तिथून कोणी येत नसे. बायका येत, कारण शेवटी सगळ्यांना कुल्फी मिळे.

गल्लीतल्या पहिल्याच घरी लग्न होतं. सकाळी नवरीला हळद लागली. नवरीची आई त्या कवायतीतली सगळ्यात उत्साही बाई. भर दुपारी, मांडवात जेवणाची तयारी चालू असताना लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, खोकल्याने जीव घाबरा झाला. पळापळ सुरू झाली तेव्हा तिने काका शिकवत तसंच केलं. म्हाताऱ्या बायकांना धरून मागच्या अंगणातल्या खोलगट न्हाणीत नेलं, सगळ्यांच्या तोंडाला ओले फडके दिले आणि खाली बसवलं. जी उठायला बघत होती तिला हात धरून परत बसवलं.

म्हाताऱ्या वाचल्या. लोकांनी त्यांना ओढून काढलं, पण ही सगळ्यात शेवटी निघाली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपली होती.

मी पोचले तेव्हा गल्लीत अमोनियाचा वास भरून राहिला होता. अग्निशमनाची गाडी कारखान्यावर पाणी मारत होती. काका गेटजवळ उभा होता, लोकांनी त्याचा सदरा फाडलेला. नवरीच्या मामाने घरातली सगळी पोरं गच्चीवर नेली होती म्हणून पोरांना काही झालं नव्हतं. मी त्याला विचारलं, "तुम्ही वर कसे गेलात? बाकी सगळे खाली बसले होते ना?"

"मी कवायतीले कधीच गेलो नाई, मॅडम," तो म्हणाला. "बाया खाली बसल्या, मी पोट्टे घेऊन वर चढलो. माह्या बहिणीनं एक सांगतलं की मी उलटंच करतो. लहानपणापासूनचं हाय थे."

एवढं बोलून तो भिंतीला टेकून बसला.

आधी मर्ग दाखल केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. मग निष्काळजीपणामुळे मृत्यूचा गुन्हा नोंदवला आणि काकाला अटक केली. त्या वेळी समोर जे दिसत होतं त्यावरून तेच करायला हवं होतं. ठाण्याबाहेर मोर्चा आला. नगराध्यक्ष त्यात पुढे होते. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी लगोलग कारखान्याला सील ठोकलं आणि पत्रकारांना सांगितलं, "वस्तीत विषारी वायू ठेवणाऱ्यांची आम्ही गय करणार नाही."

काकाला समोर बसवलं.

"मॅडम, माहा गॅस जाग्यावर होता," तो म्हणाला.

"मग गल्लीत वास कशाचा होता?"

"थो माहाच. पण मागून सोडला मी. लोकं बोंबलून राहिले होते. मले वाटलं, कोठी बारीक गळती असन, आपल्याले दिसून नाई राहिली. म्हणून यंत्रातला सगळा गॅस पाण्याच्या टाक्यात सोडला. माणसं मरण्यापरीस गॅस मरू द्या."

"म्हणजे लोक आधी ओरडले, तुम्ही नंतर सोडला?"

"हो ना जी. पण माह्यावर कोण विश्वास ठेवते? पाटी माह्याच दारावर हाय."

आरोपी असं बोलतातच. मी जबाब लिहून घेतला, विश्वास ठेवला नाही, आणि अविश्वासही ठेवला नाही. पोलिसाने दोन्हीची घाई करू नये.

साक्षीदारांचे जबाब घेताना मात्र एक गोष्ट खटकली. सगळे एकच सांगत होते. इतके सगळे, आणि एकच वाक्य.

"वास कशाचा आला?"

"अमोनियाचा."

"अमोनियाचा वास कसा असतो?"

"बर्फाच्या कारखान्याचा असते तसा."

"पण आला तेव्हा कसा होता? आंबट, उग्र, कुजका?"

"अमोनियाचाच होता, मॅडम. पाटी नाई का लावेल?"

माणसं नाकाने कमी आणि माहितीने जास्त वास घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. शवविच्छेदनातही एवढंच आलं, की फुप्फुसं जाळणारा वायू. कोणता, ते ठरवायला व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेकडे पाठवला. प्रयोगशाळेचा अहवाल कधी येणार ते देवाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराचा सविस्तर पंचनामा करायला गेले. दुखवट्याचं घर, कोणी कशाला हात लावला नव्हता. हळद खेळून झाल्यावर बायकांनी माखलेल्या साड्या पाण्यातून काढून वाळत घातल्या होत्या, त्या तशाच होत्या. काही गच्चीवरच्या तारेवर, काही मागच्या अंगणात, नगरपालिकेच्या भिंतीलगतच्या खालच्या तारेवर. गच्चीवरच्या साड्यांवर हळदीचे डाग जसेच्या तसे पिवळे. खालच्या तारेवरच्या साड्या पांढुरक्या, मधेमधे त्यांचा मूळ रंगही उडालेला.

मी नवरीच्या काकूला विचारलं, "या खालच्या साड्या हळदीतल्या नाहीत का?"

"हळदीतल्याच हायेत जी. एकाच बादलीतून काढल्या. थे हिरवी माहीच हाय." ती जवळ आली, पदर हातात धरून पाहू लागली. "अवं माय! ही त अशी नोती. काल सकाळी नेसेल होती मी."

"उन्हाने उडाला असेल रंग?"

"ऊन त गच्चीवर जास्त लागते, मॅडम."

हळदीचे डाग ज्या बाईने आयुष्यात धुतले आहेत तिला दोन गोष्टी माहीत असतात. साबण किंवा सोडा लागला की हळद लाल होते. आणि पांढरी करायची असेल तर ब्लीचिंग पावडर लागते. अमोनिया हा सोड्यासारखाच खार. तो लागला असता तर हळद लाल झाली असती आणि तो उडून गेल्यावर पुन्हा पिवळी दिसली असती. तो तिला पांढरी करत नाही.

साड्या पंचांसमोर जप्त केल्या. ठाण्यात आल्यावर हळकुंड उगाळून पांढऱ्या फडक्यांवर लावलं. कारखान्यातून पंचनाम्यात आणलेल्या अमोनियाच्या बाटलीचं तोंड एका ओल्या फडक्यावर धरलं. दुसरं फडकं ठाण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी आलेल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवलं. आमचा जमादार दारातून बघत होता.

"मॅडम, ठाण्यात कोणाची हळद लावून राह्यले?"

"या इकडे. काय दिसतंय?"

"हे लाल झालं. न हे..." तो थांबला. "हे त सारं धुवून निघालं."

ब्लीचिंग पावडरमधून जो वायू सुटतो तो क्लोरीन. पाणी शुद्ध करायला पूर्वी तोच मोठ्या सिलिंडरमधून वापरत. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, खोलगट जागेत साचतो. न्हाणीत साचतो. गच्चीवर चढत नाही.

हे मनात जुळलं तेव्हा मी जमादाराला चहा सांगितला.

मग मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. तरुण अधिकारी, पश्चिम महाराष्ट्रातला, बोलायला गोड.

"जुन्या केंद्रात क्लोरीन आहे का?"

"मॅडम, केंद्र बंद झालं तेव्हाच गॅस बंद झाला. आमच्या अखत्यारीत क्लोरीनचा साठा निरंक आहे. त्यामुळे कळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही."

"म्हणजे नाही?"

"निरंक आहे."

मी केंद्रात जाऊन आले. शेडमध्ये एका बाजूची जमीन नुकतीच उकरलेली, त्यावर ताजी माती, आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे माग. गेटवरची बाभळीची फांदी मोडलेली. मागच्या भिंतीलगतची काही झुडपं बुडापासून करपलेली. फोटो घेतले, पंचनामा केला. पण ताजी माती कोर्टात बोलत नाही. माणूस लागतो.

माणूस जमादाराच्या मेव्हणीने दिला. ती अकोल्यात एका खासगी दवाखान्यात परिचारिका होती. आमच्या गावचा एक पेशंट त्यांच्याकडे आला होता, नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन. डोळे लाल, छाती भरलेली. संडास धुताना ॲसिडचा धूर छातीत गेला, असं त्याने सांगितलं होतं.

जमादार हसायला लागला. "मॅडम, याले मी वळखतो. हा घरी पाण्याचा गिलास उचलत नाई, न संडास धुवून राह्यला होता म्हणे!"

नगरपालिकेत विचारलं तर तो घटनेच्या आधीपासून सुट्टीवर. घटनेच्या दिवशी सकाळी त्याला गल्लीत पाहिल्याचं मात्र दोघींनी सांगितलं.

आम्ही अकोल्याला गेलो. निघताना जप्त मुद्देमालातल्या दोन साड्या सोबत घेतल्या होत्या. व्हॉल्व्हमन पलंगावर बसलेला होता, नाकात नळी. रोजंदारीवरचा माणूस, कायम होईल या आशेवर अर्धं आयुष्य घातलेला.

"मॅडम, मी त सुट्टीवर होतो. ॲसिड होतं. संडासात टाकलं न भपकन धूर आला. खिडकी बंद होती ना. बायको माहेरी होती. दुकानातून मीच आणलं होतं..."

मी अजून काही विचारलंही नव्हतं. खोटं बोलणारा न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो.

"त्या दिवशी सकाळी चहा कुठे घेतलात?"

त्याने नाकातली नळी सारखी केली.

मी दोन्ही साड्या पलंगावर पसरल्या. एक पिवळी, एक पांढरट. "एक गच्चीवर होती, एक खाली. एकाच बादलीतून काढलेल्या. ही खालची कशाने पांढरी झाली, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आयुष्यभर पाण्यात तेच सोडलंय."

"कोणाची हाय?"

"लग्नघरातली. नवरीची आई गेली त्या घरातली."

त्याने मान वर केली. "कोण गेलं?"

"नवरीची आई. तुम्हाला माहीत नाही?"

"मले त सायबांनी सांगतलं, एका म्हातारीले चक्कर आली होती, आता बरी हाय." त्याचा श्वास लागला, परिचारिका धावत आली. त्याने तिला हातानेच थांबवलं. "ताई गेली? मॅडम, मी तिच्याच घरी चहा पेलो. तिनं मले म्हटलं, भाऊ, दुपारी जेवाले या, सुट्टी हाय ना तुमाले."

त्यानंतर त्याला फारसं विचारावं लागलं नाही.

केंद्र बंद झालं तेव्हा एक सिलिंडर आत राहिला होता. पूर्ण रिकामा नव्हता. तो परत पाठवायचा तर त्याची नोंद करावी लागणार, साठा कळवावा लागणार. आणि कळवला की पहिला प्रश्न येणार, इतकी वर्षं का कळवला नाही? म्हणून एका अभियंत्याने दुसऱ्याला कार्यभार देताना तो सांगितला नाही. दुसऱ्याने पाहिला, पण कार्यभारात नव्हता म्हणून त्याचा नव्हता. तिसऱ्याने त्यावर बांबूच्या तट्ट्या टाकल्या, चौथ्याने माती. सगळ्यांना तो माहीत होता आणि कोणाच्याच ताब्यात नव्हता.

"मग आत्ताच का काढायला गेलात?" मी विचारलं.

"बर्फवाल्यामुळं," तो म्हणाला. "अमरावतीले रसायनवाल्यांची बैठक होती. तिथी त्यानं उभं राहून सांगतलं, माह्या भिंतीमागं पालिकेचा जुना सिलिंडर हाय, थो पाहा. मंग तपासणीवाले येणार होते. आमचे इंजिनेर सायेब म्हणाले, त्याच्या आधी खदानीत नेऊन टाका. सुट्टीचा दिवस पाहा, पालिकेत कोणी नसते."

ट्रॅक्टरला साखळी लावून ओढताना सिलिंडर दगडावर आपटला आणि गंजलेला व्हॉल्व्ह तुटला. व्हॉल्व्हमनने ओलं पोतं टाकून पाहिलं. मग छाती भरली, तो पळाला. गॅस संपल्यावर सोबतच्या मजुरांनी परत येऊन रिकामा सिलिंडर ठरल्याप्रमाणे खदानीत नेला. गावातल्या गोंधळात ट्रॅक्टरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. गावाचं सगळं लक्ष पाटीवर होतं.

खदानीतून सिलिंडर काढला. नगरपालिकेचा जुना छाप त्याच्यावर अजून वाचता येत होता. तो हलवायला सांगणाऱ्या सध्याच्या अभियंत्याला ठाण्यात बोलावलं. रडला नाही, घाबरलाही नाही. उलट मलाच समजावू लागला.

"मॅडम, तुम्ही माझ्या जागी असतात तर कळवलं असतं? कळवणारा अडकतो. मी तर तो ठेवलाही नव्हता. माझ्या आधीच्यांना विचारा."

"त्यांनाही विचारणार आहे."

"ते काय सांगतील, तेही सांगतो. त्यांच्या आधीच्यांना विचारा."

कोठडीत जाऊन काकाला सांगितलं, की गॅस तुमचा नव्हता. त्याने हात जोडले नाहीत, रडला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "क्लोरीन होता? मंग त थे खाली..." आणि तिथेच थांबला. मी वाक्य पूर्ण करून घेतलं नाही. गरज नव्हती.

"बैठकीत तुम्ही सिलिंडरचं बोलला होतात, ते पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मले वाटलं, काढून नेला असन. बैठकीत पालिकेच्या सायबांनी शब्द देला होता."

माझ्या अपेक्षेप्रमाणे केस इथे संपायला हवी होती. खरा गॅस सापडला, माणसं सापडली, प्रयोगशाळेचा अहवालही पुढे क्लोरीनचाच आला. मी दोषारोपपत्रात अभियंत्याचं आणि मुख्याधिकाऱ्याचं नाव घातलं. पण सरकारी अधिकाऱ्यावर कर्तव्यातल्या कामाबद्दल खटला चालवायचा तर शासनाची मंजुरी लागते. प्रस्ताव पाठवला. त्रुटी काढून परत आला. त्रुटी दुरुस्त करून पाठवला. मग खात्यांतर्गत चौकशी चालू असल्याने मंजुरीचा विचार नंतर करता येईल, असं उत्तर आलं. मी निवृत्त झाले तोवर तो विचार झालेला नव्हता. मुख्याधिकाऱ्याची बदली दरम्यान मोठ्या नगरपालिकेत झाली होती.

रोजंदारीवरच्या माणसासाठी मंजुरी लागत नाही. व्हॉल्व्हमनवर खटला चालला.

आणि काका? मृत्यूच्या गुन्ह्यातून तो सुटला. पण सील काढायला गेला तेव्हा तपासणी खात्याने दुसरीच नोटीस काढली. त्याने कळवलेला साठा आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा जुळत नव्हता. जुळणार कसा? लोकांचा जीव वाचावा म्हणून त्याने त्या दुपारी सगळा गॅस पाण्यात सोडला होता. मी स्वतः लेखी कळवलं, की याचं कारण आमच्या तपासात नोंदलेलं आहे. उत्तर आलं, की वायू परस्पर सोडणं हे नियमांचं वेगळं उल्लंघन आहे आणि सोडल्याचं त्याने वेळेत कळवलं नाही. वेळेत तो आमच्या कोठडीत होता.

त्याच्याविरुद्ध सगळं सापडलं, कारण सगळं त्यानेच सांगून ठेवलं होतं. ज्यांनी काही सांगितलं नव्हतं त्यांच्याविरुद्ध शोधायलाच काही नव्हतं. परवाना गेला, यंत्र भंगारात गेलं.

त्यानंतर मी अमरावतीला असताना कामानिमित्त औद्योगिक वसाहतीत जात असे. एका कापड रंगवणाऱ्याच्या गेटवर पूर्वी धोक्याची पाटी होती, ती दिसली नाही. विचारलं तर म्हणाला, "काढली, मॅडम. बर्फवाल्याचं पाह्यलं ना आमी. ज्यानं कळवलं, थो मेला." आत रसायन आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, "आपल्याकडे निरंक." शब्द कुठून शिकला कोण जाणे. आता आग लागली तर अग्निशमनवाले त्या शेडमध्ये काय समजून शिरतील, हा प्रश्न मी बैठकांत दोन-तीनदा मांडला. इतिवृत्तात आला. पुढे गेला नाही.

नवरीचं लग्न नंतर घरच्या घरी झालं. पुढे ती एकदा ठाण्यात आली होती, आईचे दागिने मुद्देमालातून सोडवायला. सही करताना म्हणाली, "मॅडम, आईनं चूक केली का?"

मी म्हटलं, "नाही. तिला जे शिकवलं होतं ते तिने बरोबर केलं."

"मंग मामा काहून वाचला? त्यानं त काहीच बरोबर केलं नोतं."

मी दागिन्यांची पोचपावती तिच्याकडे सरकवली.

निवृत्तीनंतर मी अकोल्याला स्थायिक झाले. जठारपेठेत कूलर दुरुस्तीला टाकायला गेले तर दुकानात काका. भाच्याच्या दुकानात बसतो. मला पाहून उठला, खुर्ची दिली, कूलरची मोटर उघडून स्वतःच बघू लागला. इकडचं तिकडचं बोललो. निघताना मी म्हटलं, "काका, व्हॉल्व्हमनच्या खटल्याच्या निकालात स्पष्ट लिहिलंय. गॅस तुमचा नव्हता. ते मनातून काढून टाका."

त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"गॅस माहा नोता, मॅडम, हे मले माहीत हाय. पण 'खाली बसा' हे त मीच सांगतलं होतं ना तिले."

पोलीस म्हणून मी एवढं शिकले, की गुन्हा कोणाचा ते कोर्ट ठरवतं, आणि त्याचं ओझं कोण वाहणार ते बहुधा आधीच ठरलेलं असतं. जो सांगतो, त्याच्याच डोक्यावर ते बसतं. अभियंता आता कुठल्यातरी दुसऱ्या गावी कार्यभार घेऊन बसला असेल. तिथल्या शेडमध्ये काय पडलंय, हे तोही कोणाला सांगणार नाही. काकाने मोटर जोडून दिली, चालू करून दाखवली, आणि आत जाऊन बसला.